केसरमायची वांगी

सुरतला आले त्या दिवशी मला पहिली शिवी केसरमायनं दिली, असं मला वाटलं होतं. टेम्पोतून उतरले, पोटात सातवा महिना, हातात स्टीलचा डबा, आमचे हे पुढं गादी घेऊन चाललेले, अन् भिंतीच्या मागून आवाज आला, "काय वं भवाने! खाई खाई माजनी, अन् फुलं सगळे टाकी दिधे?" माझ्या हातातला डबाच पडला. मी तिथंच रडायला लागले. मला वाटलं चाळीत येऊन दोन मिनिटं झाली नाहीत अन् मी कुणाचं काय टाकलं?

तर भिंतीमागून एक म्हातारी आली. कोपरापर्यंत चिखल, दातांत मिसरी, साडीचा काष्टा खोचलेला. मला वरून खाली बघितलं अन् म्हणाली, "तुले नही वं माय. वांगीले बोलस मी." मग डबा उचलला, आपल्याच पदरानं पुसला. "कोनता गाव?"

म्हणलं, "परभणी."

तेव्हापासून मी परभणी. माझं नाव तिनं कधी विचारलं नाही. आमच्या चाळीत सगळ्यांना ती गावाच्या नावानंच हाक मारायची. "ए पारोळा, तुझा नळ चालू शे." "ए शहादा, पोराले हाग लागनी, देख." ती स्वतः अमळनेरकडची. तिचा नवरा कारखान्यात मशीन चालवायला सुरतला आला, मागून ती आली, अन् नवरा जाऊन पण लई वर्षं झाली होती.

नवागामच्या त्या चाळीत खोल्यांची रांग होती, अन् रांगेच्या मागं कंपाउंडची भिंत. भिंत अन् गटार यांच्यामध्ये एक हातभर रुंद पट्टी होती मातीची. लोक तिथं कचरा टाकायचे. केसरमायनं ती पट्टी साफ केली होती, प्लॅस्टिक वेचून, काचा वेचून, कुठं खोदकाम चाललं की घमेलं घेऊन जायची अन् माती मागून आणायची. तिथं तिची वांगी होती, मिरच्या होत्या, दोन-तीन टमाट्याची झाडं, अन् भिंतीवर चढलेला गिलक्याचा वेल. वांगी आपली बाजारातली जांभळी नव्हेत, हिरवी, मोठाली, भरताची. बी तिनं गावाकडून पदराच्या गाठीत आणलेलं.

तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी कुणी गटारात ओतलं की तिचा जीव तळमळायचा. सगळ्यांच्या दारात तिनं एकेक डबा ठेवला होता, "आठे टाक, माझी वांगी पेई." चुलीची राख चाळून पानांवर मारायची, मावा पडू नये म्हणून. भाजी सगळ्यांना द्यायची पण झाडाला हात कुणालाच लावू द्यायची नाही. कमरेला सुतळीनं कटर बांधलेला असायचा. आम्ही सगळ्याच बाया घरी साड्यांचं काम करायचो, धागा कटिंग, लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, तर तसलाच तो धागा कापायचा छोटा कटर. त्यानंच वांगं देठाशी कापायची अन् हातात द्यायची. "तोडू नही. झाडले दुखस."

एक मिरचीचं झाड होतं, जरा वारा आला की थरथरायचं. त्याचं नाव तिनं परभणी ठेवलं. बाया हसायच्या. मला राग यायचा पण खरंच होतं ते. मला सगळ्याचं भ्या वाटतं. आठवीत शाळा सुटली, लगीन झालं, सुरतेत आले, कुणी गुजरातीत बोललं की मी दार लोटून घेते. अन् पोरगं झाल्यावर तर विचारूच नका. झोपलं तर नाकापुढं बोट धरून बघायची, श्वास चालूय का.

एकदा दुपारी पोराला उचकी लागली. थांबेचना. माझ्या मनात आलं, गेलं आता, गेलं. तशीच अनवाणी पोराला घेऊन पळाले केसरमायकडं. ती साड्यांच्या ढिगात बसून कटिंग करायली होती. "केसरमाय, बघा हो, काय व्हायलंय बघा!" तिनं मान वर केली, बघितलं. पुढ्यातल्या साडीचा एक गुलाबी धागा ओढला, थुंकीनं ओला केला अन् पोराच्या कपाळाला चिकटवला. म्हणाली, "उचकी शे वं. तूच आता पानी पे, तुलेच लागनी दिसते." मी पाणी प्याले. पोरगं गप झालं. तिनं मला संध्याकाळपर्यंत तिथंच बसवून ठेवलं, कटिंग करायला लावलं, अन् जाताना म्हणाली, "व्हई जाई." म्हणजे होऊन जाईल. तिचं सगळ्यालाच तेवढं असायचं. नळ गेला, व्हई जाई. कारखाना बंद, व्हई जाई.

मग होळीनंतर चाळीच्या मालकानं येऊन सांगितलं की जागा विकली, महिन्याभरात खोल्या खाली करा. चाळ पाडून तिथं काहीतरी मोठं बांधायचं होतं. सगळे इकडं तिकडं पळाले जागा बघायला. आम्हाला गोडादऱ्यात एक खोली मिळाली. केसरमायच्या पोराला, विजयभाऊला, तिथंच पुढच्या गल्लीत एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर रूम-किचन मिळालं. मला तर देवच पावला.

पण तिच्या घरात वेगळंच चाललं होतं. मला ते सरितानं सांगितलं, तिच्या सुनेनं. सरिताला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं. विजयभाऊ म्हणत होता, माय, तू आता गावाला जा दादाकडं. जागा लहान आहे.

केसरमाय गावाचं नाव काढलं की गप व्हायची. मला एकदाच बोलली, वांग्याला पाणी घालताना. "तठे मोठ्याच्या घरमां माले खाट दिधी, दरवाजाच्या बाहेर, शेळ्या शेतस तठे. दिवसभर कोनी बोलस नही. आठे तुम्ही शेतस." मग पाण्याचा मग खाली ठेवला. "अन् आठे मी बठी खास नही, परभणी. घरनी भाजी मी देस. देस का नही? मग मी कोनावर भार?"

मी म्हणलं, "नाही हो केसरमाय, तुमचा कसला भार."

"तेच तं. झाडं तठे गच्चीवर लागी गया, का कोनी माले जा म्हननार नही."

तिनं असं धरूनच ठेवलं होतं मनात. झाडं नव्या घरी लागली पाहिजेत. लागली की ती राहणार.

हलायच्या दोन दिवस आधीपासून तिची तयारी. वांग्याला भरपूर पाणी पाजलं, माती घट्ट धरावी म्हणून. सगळी फळं काढली, लहान सुद्धा, चाळीत वाटून टाकली. निम्मी पानं छाटली. झाड कसं ओकंबोकं दिसायला लागलं, मला बघवेना. म्हणाली, "वाटेवर त्याले ओझं नको." मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर लांबून गोल खोदायला बसली, हातानं, खुरप्यानं, मुळाला धक्का न लावता. मातीचा गोळा अख्खा निघाला पाहिजे. निघाला की त्याच्याभोवती फडकं गुंडाळायचं, सुतळीनं बांधायचं, अन् तिथं गेल्यावर फडक्यासकट खड्ड्यात ठेवायचं. सोडायचं नाही. तिच्या आईनं तिला असंच शिकवलेलं. फडकं आपोआप कुजून मातीत जातं, मुळं बाहेर निघतात.

"मुळाले कळालं नही पाहिजे की घर बदलनं," असं म्हणायची अन् हळूहळू गाठ मारायची. पोराला दुपट्यात बांधतात ना, तसं.

मी चिंध्या आणून द्यायले. चिंध्यांना काय कमी आमच्याकडं, प्रत्येक घरात साडीच्या कटपीसचं गाठोडं. ती त्यातली निवडून चांगली घ्यायची, जाड, नवी. गुलाबी, पोपटी, सोनेरी बुट्टीची. एकेका झाडाला दोन-दोन, तीन-तीन पदर. गिलक्याचा वेल तेवढा राहिला, त्याचं मूळ कुठवर गेलं होतं काय माहीत. त्याला तिनं शेवटचं पाणी घातलं अन् परत तिकडं बघितलं नाही.

टेम्पोवाला गुजराती पोरगा होता. भांड्यांच्या आधी सगळी झाडं चढलेली बघून म्हणाला, "माजी, आखुं खेतर लई जवानुं छे?" अख्खं शेतच न्यायचं का म्हणून.

केसरमाय त्याच्याच भाषेत, "हां भाई, खेतरच छे. धीरे चलाव, खड्डा आवे तो बोलजे!" अन् स्वतः मागं झाडांत बसली, दोन वांगी दोन काखेत धरून. पर्वत पाटियाच्या सिग्नलला आजूबाजूचे गाडीवाले बघायलेत, हसायलेत, अन् ही त्यांच्याकडं बघून पदर सावरायली जशी काही वरातीत बसलीय.

गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम लावले. विजयभाऊनंच आणून दिले, खोटं कशाला बोलू. बांधकामावरची माती आमच्या ह्यांनी आणून टाकली. झाडं ठेवली. पहिले आठ दिवस सगळं बरं दिसलं. मग पानं दुपारची मान टाकायला लागली. मग पिवळी पडायला लागली. केसरमाय म्हणायची ऊन आहे, व्हई जाई. सकाळ-संध्याकाळ जिने चढून पाणी न्यायची. गुडघे दुखायचे तर एकेका पायरीवर बसायची. मी पोराला कडेवर घेऊन एक कॅन न्यायले. खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची गच्ची गळेल म्हणून. सरिता एकदा म्हणाली, वाईट नाही म्हणाली ती, थकलेली होती, "माय, अंघोळीला पाणी पुरत नाही अन् झाडाला बादल्या?" केसरमायनं दुसऱ्या दिवसापासून स्वतःची अंघोळ एका तांब्यावर आणली.

पहिलं झाड वाळलं. मग दुसरं. ती रात्रंदिवस त्याच विचारात. राख मारली, ताक ओतलं, शेण मागून आणलं कुठून तरी. झाडाला शिव्या घालणं बंद झालं तिचं. हळू आवाजात बोलायची, मला ऐकू यायचं नाही काय ते.

अन् मग एक दिवस मला म्हणाली, "चाल परभणी, पर्वत पाटियाले." मला वाटलं औषध आणायचं असेल. तर भाजीवाल्याच्या गाडीपुढं उभी राहिली अन् वांगी निवडायला लागली. जांभळी. मी म्हणलं, "केसरमाय, वांगी?" तिनं बोटानं गप केलं. घरी येऊन पिशवीतली वांगी पदरात घेतली, गच्चीवर गेली, अन् तिथून खाली येऊन सरिताच्या पुढ्यात ओतली. "घे. पहिलं फळ."

मी पोराला इतकं घट्ट आवळलं की ते रडायला लागलं.

सरितानं वांगं उचलून बघितलं. "माय, आपली तर हिरवी होती ना?"

"जागा बदलनी," केसरमाय म्हणाली, "रंग बदलना."

सरिता माझ्याकडं बघायली. मी खाली बघायले. मग तिनं विळी घेतली. त्या दिवशी रात्री त्यांच्याकडं भरीत झालं असेल. मला वाटी आली नाही, केसरमायला ती वांगी कुणाला पाठवायची लाज वाटली असेल.

तिसरं झाड वाळलं तेव्हा तिनं ठरवलं उपटून टाकायचं, ड्रम रिकामा करायचा. मी पोराला टाकीच्या सावलीत बसवलं होतं. तिनं खोडाला धरून ओढलं. सगळं एका झटक्यात वर आलं, गठ्ठाच. माती झटकली तर आतून गुलाबी कापड. जसंच्या तसं. बुट्टी चमकायली. सुतळी कुजून गेली होती, पण कापडाला भोक नाही, धागा सुटलेला नाही, धुतल्यासारखं नवं. अन् आत मुळं, पांढरी, एकमेकांत गुंतून गोल गोल फिरलेली, बाहेर पडायला जागा नाही म्हणून परत आत वळलेली.

मला समजलं नाही आधी. तिला समजलं. ती खाली बसली. ते कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं. परत ताणलं. "सुतीनं लुगडं व्हतं वं मायनं," म्हणाली. तिच्या आईचं लुगडं सुती होतं. ते कुजायचं.

मग ती हसायला लागली. "जन्मभर हाईच कापड कापं मी, परभणी. हाईच! सुरतनं कापड मरस नही वं माय, मरस नही!" इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, मिसरीचं काळं हनुवटीवर आलं, अन् मला कळेना हसावं का काय करावं. मी तिचा खांदा धरला. तिनं हनुवटी पुसली अन् कमरेचा कटर सोडला.

उरलेली सगळी झाडं आम्ही त्याच दुपारी मोकळी केली. उन्हात. ती माती बाजूला करायची, कापड कापायची, मी चिमटीत धरून हळूच ओढायची. ती म्हणायची हात धर सरळ, पोराचं नाक पुसतेस ना, तसं. काही मुळं तुटली. तुटली की ती "अरारा" करायची, स्वतःला लागल्यासारखं.

अन् खरंच सांगते, दहा-बारा दिवसांत नवी पानं फुटली. दोन वांग्यांना अन् एका मिरचीला. हिरवी, कोवळी, लव असलेली. केसरमायनं मला गच्चीवरून हाका मारल्या, पुढच्या गल्लीत ऐकू येतील अशा. मी गेले तर ती पानाला बोट लावून उभी, अन् तिनं कितीतरी दिवसांनी शिवी दिली झाडाला. "आता उनी का अक्कल, भवाने?"

आम्ही दोघी खाली उतरलो तर विजयभाऊ दारात चप्पल काढत होता. नाईट पाळी करून आलेला, डोळे लाल, केसांत धाग्याचा भुगा. म्हणाला, "माय, रविवारचं तिकीट काढलं. सरिताची आई येणार आहे बाळंतपणाला. झोपायला जागा नाही गं. काय करू मी, तूच सांग."

केसरमाय म्हणाली, "पन झाडं लागनात ना रे!"

खरंच त्याला कळलं नाही. "कोणती झाडं, माय?"

बारा तास मशीनवर उभं राहणारा माणूस, त्याला दोष तरी काय द्यायचा. ड्रम आणून दिल्यावर तो गच्चीवर परत कधी गेलाच नव्हता. झाडांवर काही ठरायचं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मी हातात रिकामा कॅन घेऊन उभी. माझ्या तोंडात होतं, भाऊ, नका ना पाठवू, माझ्याकडं राहू द्या, पण आमची एक खोली, अन् आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय मी काय बोलणार. केसरमायनं माझ्याकडं बघितलं पण नाही. तिनं चूळ भरली, विजयभाऊला म्हणाली, "हात धू. जेवाले वाढस."

शनिवारी मी म्हणलं, एक वांगं तरी कुंडीत घेऊन जा, मी बांधून देते, सुती फडकं शोधते. म्हणाली, "नको. आता फूल धरं तिनी. आता हालाडू नही." ती झाडं आता सरिता बघते. फळं आली, हिरवीच आली. सरितानं दोन माझ्याकडं पाठवली, वर कागद झाकून.

रविवारी सकाळी केसरमाय माझ्या खोलीवर आली. उभ्या उभ्या अर्धी भाकर खाल्ली. पोराला एकदा मांडीवर घेतलं, लगेच दिलं. मी घाईघाईत साडी बदलली, पोराला टोपी घातली, तिच्यासोबत उधना स्टेशनला गेले. हे नको म्हणत होते, गर्दी असते, पोरगं लहान आहे. पण गेले.

भुसावळकडची गाडी भरलेली होती. विजयभाऊनं तिला कशीबशी आत ढकलली, गाठोडं वर टाकलं. मी खिडकीशी गेले तर ती आत आधीच भांडायली होती. "सरक वं बाई, माले खिडकी पाहिजे, माले उलटी व्हस." ती बाई सरकली. केसरमाय ऐसपैस बसली, पदर खोचला, मग गजातून मला म्हणाली, "पोराच्या टोपीची गाठ सैल कर, गळ्याला लागस."

मी गाठ सैल केली. मला लई बोलायचं होतं. रात्रभर मनात जुळवलं होतं काय काय बोलायचं ते. तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं, असं काहीतरी. गाडी हलली, अन् माझ्या तोंडातून निघालं, "केसरमाय, गॅस! मी दूध ठेवलं होतं! मी गॅस बंद केला का हो?"

मला खरंच आठवेना. दूध ठेवलेलं आठवलं, पुढचं काहीच नाही. मी पोराला छातीशी धरून गाडीसोबत पळायले, खोली पेटली असेल, सगळी गल्ली पेटली असेल असं डोळ्यापुढं दिसायलं. केसरमायनं गजातून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, अन् हवेत बटण पिळल्यासारखं पिळलं. दोनदा. तिचं तोंड हलत होतं. "बंद करी दिधा, मी..." एवढं ऐकू आलं. हात तसाच बाहेर राहिला, पिळत, गाडी वळेपर्यंत.

विजयभाऊनं मला रिक्षात बसवलं. मी अख्खी वाट देवाचं नाव घेत आले. दार उघडलं. गॅस बंद होता. पातेलं खाली उतरवून ठेवलेलं, दुधावर ताटली झाकलेली.